काडतूस कोण निवडतं? सातपुड्याच्या पायथ्याची एक गोष्ट

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज बंदुकीच्या काडतुसावर बोलणार आहे. काही जण हसताहेत, ते मला दिसतंय. पण ‘निवड’ हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. माणूस साधन निवडतो तेव्हा खरंच तोच निवडतो का? मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलीचा इतिहास या प्रश्नाचं फार सरळ उदाहरण आहे.

सुरुवात लहानपणापासून करतो. आमचं गाव जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. रानडुकरांनी ज्वारी लोळवली की एक परवानाधारक काका बारा बोअरची एकनळी घेऊन रात्री मचाणावर बसायचे. एकदा त्यांनी लांबून छर्ऱ्याचा बार काढला. डुक्कर पडलं नाही, जखमी होऊन नाल्यात शिरलं. सकाळी तिकडून चाललेल्या एका राखणदाराची मांडी त्यानं फाडली. तो माणूस वाचला, पण पुढे कायम लंगडत चालला. काका वाईट नव्हते. हातातलं काडतूस त्या जनावरासाठी आणि त्या अंतरासाठी नव्हतं, एवढंच. आजचा सगळा विषय या ‘एवढंच’मध्ये आहे.

आता दीडशे वर्षं मागे जाऊ. आपल्या उत्तरेला लागून निमाड. तिथं जमाबंदीचं काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याच डोंगररांगांत हिंडला. त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक 1871 साली आलं. त्याआधी त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचं म्हणणं असं: जंगलात अंतर कमी असतं, तेव्हा शिशाची मोठी गोल गोळी घ्या आणि दारू भरपूर घाला. पण नळीतल्या आट्यांचा पीळ मंद ठेवा. पीळ जास्त असेल तर जोरात निघालेली मऊ गोळी आटे सोडून घसरत जाते.

इथे बोअर म्हणजे काय, ते सांगतो. एक पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या होतील, तितका बोअर. बारा बोअरची गोळी सुमारे 38 ग्रॅमची, आठ बोअरची सुमारे 57 ग्रॅमची. आकडा लहान तर नळी मोठी, बरं का! काळ्या दारूच्या काळात गोळीचा वेग फारसा वाढवता येत नव्हता. म्हणून ताकद हवी असेल तर वजन वाढवणं हाच मार्ग होता.

1890 नंतर कॉर्डाइट आलं. धूर जवळजवळ नाही आणि वेग बराच जास्त. नळी बारीक झाली तरी मार वाढला. पण कॉर्डाइटला उन्हाचं वावडं. काडतूस तापलं की आतला दाब वाढतो, रिकामं पितळी नळकांडं नळीतच चिकटतं आणि ओढता ओढत नाही. आणि शिकारीचा हंगाम कोणता? एप्रिल-मे. पाणवठे आटलेले, पानगळ झालेली आणि आपल्या वऱ्हाडातलं ऊन! समोर जखमी वाघ आणि नळीत अडकलेलं काडतूस, कल्पना करा. म्हणून लंडनच्या कारागिरांनी उष्ण देशांसाठी मुद्दाम मोठ्या पोटाची काडतुसं केली. जागा जास्त, म्हणून दाब कमी. 1911 सालचं .416 रिग्बी हे त्याचं ठळक उदाहरण. म्हणजे पाहा, लंडनमधल्या काडतुसाचा आकार काही अंशी आपल्या उन्हानं ठरवला.

दुसरा निवडणारा म्हणजे सरकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारनं .450 बोअरच्या काडतुसांची हिंदुस्थानात आयात बंद केली. कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या. ही काडतुसं सरकारविरुद्ध वापरली जातील, ही भीती. कारखानदारांनी काय केलं? माप जरासं बदललं. .465, .470, .475 अशी नवी काडतुसं निघाली. आज शौकीन ज्यांची नावं आदरानं घेतात, त्यातली कित्येक वाघामुळे नव्हे, बंडाच्या धास्तीमुळे जन्मली.

तिसरा निवडणारा खिसा. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवणं हे महिनोन्महिन्यांचं हातकाम, त्यामुळे किंमत अफाट. माउझर बोल्टची रायफल बनवून घेणं त्या मानानं स्वस्त पडे. पण बोल्टच्या मॅगझिनमध्ये बुडाला कडा असलेली काडतुसं एकमेकांत अडकतात, म्हणून बिनकडेची काडतुसं हवीत. .404 जेफ्री, .416 रिग्बी तशीच. 1912 साली हॉलंड अँड हॉलंडनं .375 काढलं. त्याच्या बुडाशी पट्टा आहे. काडतुसाचे खांदे उतरते असल्यामुळे ते नळीत किती आत बसावं, हे तो पट्टा ठरवतो.

मग अंबाबरवा-मेळघाटच्या रानासाठी यातलं कोणतं? इथे हत्ती नाही. सगळ्यात मोठं जनावर रानगवा, मग वाघ, अस्वल. .375ची गोळी साडेएकोणीस ग्रॅमची, .416ची साडेसव्वीस ग्रॅमची. .416चा मार जास्त, पण हिसकाही जास्त. हिशकाला घाबरणारा माणूस चाप ओढतानाच दचकतो आणि नेम जातो. तिकडे गढवालमध्ये जिम कॉर्बेटनं 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो हलक्या .275 रिग्बीनं. मोठं काडतूस चुकीला थोडी सवलत देतं, वाईट नेमाला माफी देत नाही. मला विचाराल तर या रानासाठी .375 पुरेसं होतं. गव्याला कमी नाही आणि खांद्याला जास्त नाही. ॲरिस्टॉटलचा मध्यम मार्ग तो हाच.

स्वातंत्र्यानंतर सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आली ती ईशापूरची .315. लष्करी .303 नागरिकांना मना, म्हणून ही. पुन्हा तेच: निवड कायद्याची. आणि 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा वाघासाठी काडतूस कोणतं हा प्रश्नच मिटला.

मिटला का खरंच? फेब्रुवारी 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला बेशुद्ध करून रेडिओ कॉलर लावली. तो तेलंगणातून, शेतांमधून, रस्ते ओलांडत चालत राहिला आणि तेराशे किलोमीटरवर चालून डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. ती कॉलर लावतानाही कुणीतरी नेम धरला होता. त्या सुईतलं औषधही जनावराच्या वजनाच्या अंदाजानं ठरवावं लागतं. कमी झालं तर अर्धवट शुद्धीतलं जनावर अंगावर येतं, जास्त झालं तर ते उठतच नाही. म्हणजे हिशेब तोच राहिला, हेतू बदलला.

आज रोही आणि रानडुकरं आपली पिकं खातात. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याचा राग खरा आहे. वनखात्याच्या परवानगीनं कुणी बंदूक उचललीच, तर त्या राखणदाराची मांडी आठवावी. आपल्या हातातलं साधन ऊन, सरकार आणि खिसा यांनी बरंचसं आधीच निवडलेलं असतं. आपल्या हाती एकच निवड उरते: बार काढायचा की थांबायचा. त्या रात्री काका थांबले असते तर थोडी ज्वारी गेली असती, इतकंच.