हळदीचा खटला आणि सासूबाईंची वही



गेल्या चातुर्मासात व्याख्यान संपल्यावर आम्ही चार-पाच जणी स्थानकाच्या ओट्यावर बसलो होतो. एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, जमीकंद चालत नाही, मग हळद आणि सुंठ कशी चालते? तीही जमिनीखालचीच ना?"

प्रश्न बरोबर होता. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात अनंतकाय वनस्पतींची नावं आहेत, त्यात आलंही आहे आणि हळदही आहे. म्हणून ओलं आलं, ओली हळद आपल्याकडे वर्ज्य. पण वाळली की ती अचित्त होते, शिवाय आपण ती भाजीसारखी ताटभर खात नाही, औषधासारखी चिमूटभर घालतो. बटाटा वाळवून चालत नाही तो याचसाठी, तो पोटभरीचा पदार्थ आहे. काही घरी याहून कडक नियम असतो. तुमच्या घरी महासतीजींनी जे पच्चक्खाण दिलं असेल ते धरा, माझं ऐकून बदलू नका.

तिचा पुढचा प्रश्न मात्र मला घरी येईपर्यंत टोचत राहिला. सासूबाई हळदीचे जे इतके गुण सांगतात, "ते कुठे लिहिलंय?"

अगदी हेच एकदा अमेरिकेने आपल्या देशाला विचारलं होतं.

1995 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर पेटंट मिळालं. क्रमांक 5401504. शोध कसला, तर जखमेवर हळद लावली की जखम भरते! अर्ज करणारे दोन्ही संशोधक मूळचे भारतीयच. विळीने बोट कापलं की डब्याकडे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसूच येईल. पण तेव्हा अमेरिकेतला कायदा असा होता की परदेशात एखादी गोष्ट लोक पिढ्यान् पिढ्या करत असले तरी ती पुरावा म्हणून धरायची नाही. छापलेलं किंवा लिहिलेलं काही असेल तरच दाखवा. म्हणजे देशभरातल्या सगळ्या आज्या साक्षीला नेऊन उभ्या केल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

त्या वेळी सी.एस.आय.आर. या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले, आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. त्यांच्या संस्थेने 1996 मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. मग शोधाशोध सुरू झाली ती कागदांची. संस्कृत, हिंदी, उर्दूतले मिळून 32 संदर्भ गोळा केले, त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने. एक तर 1953 साली भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेला लेख होता. 1997 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले. हळद सुटली, कारण कुणीतरी ते कधीतरी लिहून ठेवलं होतं. पुढे 2001 मध्ये सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रहच सुरू केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषेत घातली, म्हणजे परदेशातल्या कार्यालयांना ती वाचता येईल.

आपल्या समाजाचाही यात वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकग्रंथ संस्कृतात लिहिला. त्यात औषधासाठीसुद्धा मांस, मद्य, मध नाही. हा ग्रंथ 1940 मध्ये हिंदी अनुवादासह छापला गेला तो आपल्या शेजारच्या सोलापुरात!

आता एक खरं सांगते. लिहिलेलं असलं म्हणजे सगळं सरसकट बरोबर असतं असंही नाही. हळदीतलं कुर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे ते कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. हे वाचून मी हुरळले आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल मागवल्या. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला लावल्या आणि म्हणाले, "वहिनी, डाळीतली हळद वेगळी आणि ही वेगळी." वाचलो आम्ही. कॅप्सूलमध्ये कुर्क्युमिन भरपूर असतं, डाळीतल्या चिमटीत अगदी थोडं. शिवाय सुटी पूड घेताना फार भडक पिवळी दिसली तर घेऊ नका, रंग उठावदार दिसावा म्हणून त्यात शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडले आहेत. मी सांगलीची हळकुंडं आणते आणि दळून घेते.

न लिहिता जपलेलं ज्ञानही असतं म्हणा. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. फवारलेल्या भाज्या खाऊन नातू आजारी पडतो असं वाटल्यावर त्यांनी वाल, घेवडा, भात यांचं गावठी बियाणं गोळा करायला घेतलं. 2020 ची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांना 'बीजमाता' म्हणाले तेही हेच डॉ. माशेलकर. पण बी पुन्हा पेरता येतं. आमच्या सासूबाईंच्या डोक्यातलं कुठे पेरू?

त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरतात, पण बाळंतिणीच्या सुंठीच्या लाडवाचं नाव काढलं की डोळे चमकतात. दिवाळीपासून मी एक दोनशे पानी वही केली आहे. त्या सांगतात, मी लिहिते. "अंदाजाने" म्हणाल्या की मी त्यांच्या हातातली चिमूट काढून घेते आणि काट्यावर मोजते. त्यांना राग येतो. "माझ्या हातावर भरवसा नाही का गं?" म्हणतात. समोर मी लिहिते: कोणाला द्यायचं, किती दिवस, आणि कोणती गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

लाडवाचं पान अजून अर्धं आहे. सुंठ, गूळ, तूप लिहून झालं. डिंक किती, हे तीन वेळा विचारलं आणि तीन वेगळी मापं मिळाली. तुमच्यापैकी कोणाच्या आईने किंवा सासूने किलोभर पिठाला किती घातला होता, ते मला जरूर कळवा.