फुलांची तार

ताईच्या पन्नाशीला फुलं पाठवायची होती. ती राहते कॅनंडेग्वाला, न्यूयॉर्क राज्यातल्या तळ्याकाठच्या छोट्याशा गावात. आई गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच वाढदिवस. दरवर्षी पहाटे येणारा आईचा फोन यंदा येणार नव्हता.

पुण्यातून ऑर्डर दिली आणि मग इतिहास शोधत बसलो (जुनी खोड!). गंमत म्हणजे अमेरिकेत ही पद्धत ताईच्या जवळच्याच रॉचेस्टर शहरात सुरू झाली. १९१० च्या ऑगस्टमध्ये तिथे जमलेल्या फूलवाल्यांनी ठरवलं, की गिऱ्हाइकाने पैसे आपल्या गावात भरायचे, ऑर्डर तारेने जाणार, आणि गुच्छ पलीकडच्या गावचा फूलवाला बांधून पोचवणार. संस्थेचं नाव फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी. १९६५ मध्ये त्यातल्या 'टेलिग्राफ'चं 'ट्रान्सवर्ल्ड' झालं. पुढे वेस्टर्न युनियनने २००६ मध्ये तारा थांबवल्या, आपल्याकडे २०१३ मध्ये थांबल्या. पद्धत मात्र तीच राहिली.

म्हणजे मी फुलं पाठवलीच नव्हती, नुसता निरोप पाठवला होता. आईचा सोनचाफा तिथे मिळणार कुठून? चिठ्ठीवर देवनागरीही छापत नव्हते. मग रोमन अक्षरांत आईचं फोनवरचं पहिलं वाक्य लिहिलं, "उठलीस का गं?"

ताईचा फोन आला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "गुलाब आहेत रे. पिवळे."