तांडेलाच्या तोंडाकडे पाहत

नवेगावबांधच्या तलावावर पहाटे डोंग्यात पाऊल ठेवताना तुम्ही आधी चपला काढता, मग श्वास रोखता. डोंगा अरुंद. मागे उभा असलेला ढिवर बांबूने तळ रेटतो आणि तुमच्याकडे न बघताच सांगतो, "भाऊ, हालू नोका." एवढ्या तीन शब्दांत नावेवरच्या कामांची वाटणी होऊन जाते. तो उभा राहणार, समोर बघणार, रेटणार. तुम्ही बसणार आणि हलणार नाही. बुडाशी दोन बोटे पाणी साचले आहे, त्यात पत्र्याचा एक डबा लवंडून पडलाय. पाणी उपसणे हे तिसरे काम, पण त्याला सध्या माणूस नाही.

समोर सातबहिणीचे डोंगर धुक्यात बुडालेले. धुके आणखी दाटते आणि वर्षे सुटायला लागतात. १९९९ सुटते, तसा गोंदिया जिल्हा पुन्हा भंडाऱ्यात विरघळतो. १९७५ सुटते, राष्ट्रीय उद्यानाच्या पाट्या जातात. मालगुजारांचे दिवस येतात नि जातात. मग अठराव्या शतकाच्या सुरुवातीपाशी डोंगा एकाएकी खाली जाऊ लागतो. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे इथली परंपरा सांगते. आता त्या बांधाची माती टोपली-टोपलीने उलटी निघाली आहे, पाणी उतरते आहे, गाळातून झाडे वर येताहेत. शेवटी डोंगा पालापाचोळ्यावर टेकतो. साल १६७९. मुलूख गोंड राजांचा. तलाव अजून बांधायचाच आहे आणि तुम्ही भर जंगलात नावेत बसून आहात.

पाणी शोधायला पश्चिमेला जावे लागणार. तसे पाहिले तर तुमच्याकडचे पाणी पूर्वेचे. नवेगावच्या तलावातून सांडलेला थेंब वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो; कोकणच्या दर्याशी त्याचे देणेघेणे नाही. पण वर्षे ओलांडणाऱ्याने नदीच्या वाटेचा आदर कशाला करायचा? धुके फिटते तेव्हा वास बदललेला असतो. खारट हवा, ओले सुंभ, सुकी मासळी. आणि पायाखालचा डोंगा एकदम लांबरुंद झालेला.

तुम्ही गलबतावर आहात. चौलच्या थोडे उत्तरेला, किनाऱ्याला खेटून. ऑक्टोबरची १७ तारीख सरून १८ लागली आहे. ही मोजणी इंग्रजांची. नावेवर कुणाला ती ठाऊक नाही. आसपास काळोखात आणखी पन्नास-साठ नावा आहेत. दिसत नाहीत, पण खोकला ऐकू येतो, लाकडावर लाकूड घासते, कुणीतरी दबक्या आवाजात कुणाच्या तरी आईचा उद्धार करतो.

"पानी काढ, पोरा."

अंधारातून एक लाकडी डोणे तुमच्या हातात येते. त्या माणसाने 'पाणी' म्हटले नाही, 'पानी' म्हटले, अगदी तुमच्या झाडीपट्टीत म्हणतात तसे. तेवढ्यावर तुम्हाला बरे वाटते आणि तुम्ही वाकता. नवेगावला ज्या कामाला माणूस नव्हता, ते इथे तुमच्या वाट्याला आले आहे.

काम हलके समजू नका. नावेच्या पोटातले पाणी नुसते पडून राहत नाही. नाव कलली की ते त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. शिवाय नाळेपाशी तोफेची दारू ठेवलेली आहे. गोलंदाज दर थोड्या वेळाने मागे वळून तुमच्याकडे बघतो. पाणी एक वीत चढले तर त्याची सगळी विद्या भिजणार, हे त्याला माहीत आहे.

उपसता उपसता डोळे अंधाराला सरावतात आणि माणसे वेगवेगळी दिसू लागतात. गलबताला दोन डोलकाठ्या. मोठ्या डोलकाठीला एक लांबलचक तिरका वासा टांगलाय, ते परबाण. त्यावर तिकोनी शीड. शिडाचा मोकळा कोपरा ओढून धरणारा दोर म्हणजे दामण, आणि ते दोन खलाशांच्या हातात आहे. ते दोघे तासन् तास फक्त शिडाची कड बघत बसतात. कड थरथरली की हातभर ओढायचे, शीड फार फुगले की हातभर सोडायचे. दोघांत बोलणे नाही. एकाने ओढायला सुरुवात केली की दुसऱ्याचा हात आपोआप दोर गोळा करतो.

जमिनीवरून मतलई वारा सुटलेला आहे. रात्री किनारा थंड होतो, समुद्र ऊब धरून राहतो, म्हणून वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. सकाळी ऊन तापले की तो मरतो आणि उलट फिरतो. म्हणजे आजच्या मसलतीला मुदत आहे. जे करायचे ते उजाडताना.

एकदा नाव दुसऱ्या अंगावर घ्यावी लागते आणि तेव्हा तुम्हाला या लोकांची खरी ओळख पटते. तिकोनी शिडाचे दुखणे असे की बाजू बदलायची तर ते भले मोठे परबाण जवळजवळ उभे करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागते. एक जण खालचे टोक उचलतो, दोघे दामण सोडून पुढे धावतात, एक जण वरचा दोर ढिला करतो, तांडेल नेमक्या त्याच वेळी सुकाणू दाबतो. कुणी एक क्षण आधी सुटला तर तो वासा डोकी फोडत फिरेल. अंधार आहे आणि हुकूम एकही नाही. तुम्हाला फक्त अनवाणी पावले फळ्यांवरून जाताना ऐकू येतात, मग शीड एकदा फटकन वाजते आणि पुन्हा सगळे शांत.

तुम्ही कुठे निघाला आहात ते उजाडण्याआधी समजून घेतलेले बरे. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे बेट आहे. गेल्या ऑगस्टअखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन तिथे उतरला आणि शिवाजी महाराजांच्या हुकुमाने तट बांधू लागला. खांदेरीवर तोफ चढली की मुंबई बंदराच्या तोंडाशी येणारे-जाणारे प्रत्येक जहाज तिच्या नजरेत येणार. इंग्रज म्हणाले, बेट सोडा. मायनाक म्हणाला, महाराजांच्या आज्ञेशिवाय सोडत नाही. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. तेव्हापासून इंग्रजी जहाजे बेटाला वेढा घालून आहेत, आणि तेव्हापासूनच रात्री-अपरात्री लहान नावा त्यांच्यामधून निसटून बेटावर दाणागोटा पोचवताहेत. मोठे जहाज वाऱ्याचे मिंधे असते. वारा पडला की ते जागच्या जागी उभे. वल्ह्यांची नाव मात्र वाऱ्याच्या तोंडावरही जाते.

आजचा बेत दाणागोट्याचा नाही. महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान, त्याने सगळे आरमारच बाहेर काढले आहे.

फटफटते. शीड उतरवतात, वल्ही पडतात. एकोणिसावे, विसावे... तुम्ही मोजायचे सोडून देता. पुढे अठराव्या शतकात ऑर्म नावाचा इंग्रज लिहून ठेवणार आहे की मराठ्यांच्या गलबताला चाळीस-पन्नास दणकट वल्ही असतात आणि ते तासाला चार मैल जाते. चार मैल म्हणजे माणूस झपझप चालतो तेवढे. कागदावर वाचताना हसू येते. नावेत बसून पाहा. पाणी दोन्ही अंगांनी फाटत जाते आणि फळ्या कण्हू लागतात.

आणि आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते. वल्ह्यावर बसलेल्या एकाचेही तोंड पुढे नाही. सगळे पाठमोरे निघाले आहेत. जिथे जायचे ते त्यांना दिसत नाही. जिथून निघाले तो किनारा तेवढा दिसतो. त्यांच्यासमोर, नावेच्या मागच्या टोकाला, सुकाणू धरून तांडेल उभा आहे. त्याला एकट्याला पुढचे दिसते. मग एवढी माणसे कशाच्या भरवशावर ओढताहेत? तांडेलाच्या तोंडाकडे बघा. ती माणसे तेच बघताहेत. त्याचे डोळे बारीक झाले, म्हणजे जहाज दिसले. त्याने खालचा ओठ दातात धरला, म्हणजे जवळ आले. भुवया सैल झाल्या, म्हणजे इंग्रजांनी अजून नांगर उचललेला नाही.

उचललेला नव्हताच. आरमार इतक्या वेगाने अंगावर आले की इंग्रजांच्या लहान जहाजांना नांगर उचलायलाही जेमतेम सवड मिळाली.

नाळेवरची तोफ समोरच्या रोखाने बांधलेली. तिला डावी-उजवी करायची सोय नाही. गोलंदाज नुसता डावा हात वर करतो. तांडेल सुकाणू चिमूटभर दाबतो, उजवीकडची वल्ही एक ओढ जास्त घेतात, डावीकडची तेवढाच वेळ पाण्यात थांबतात. अख्खे गलबत म्हणजे तोफेचा गाडा झाला आहे. नेम गोलंदाजाचा खरा, पण तो धरलाय चाळीस जणांच्या खांद्यांनी. हात खाली येतो, बत्ती टेकते आणि धक्क्याने नाव मागे सरकते. तुमच्या डोण्यातले पाणी तुमच्याच तोंडावर.

इथे जरा थांबतो, कारण याच पाण्याची पुढची एक गोष्ट मला आठवते. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईलाच झाल्या होत्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात सुवर्णपदक मिळवले. त्या नावेत माणसे दोनच. एक सुकाणू धरतो, दुसरा डोलकाठीच्या तारेला लटकून सगळे अंग पाण्यावर बाहेर झोकतो, नाव कलू नये म्हणून. आजच्या मोठ्या शर्यतीच्या नावेत नाळेवरचा वेगळा, शिडाचा ताण बघणारा वेगळा, वारा वाचून डावपेच सांगणारा वेगळा. नावे नवी आहेत. पण त्या दामणवाल्या खलाशाला आज मुंबईच्या एखाद्या यॉटवर नेऊन बसवले, तर तो कुणाला न विचारता शिडाच्या कडेकडेच बघायला लागेल. फरक एवढाच की त्या शर्यतीत हरलेला संध्याकाळी घरी जातो.

अर्धा तास झाला नसेल. 'डोव्ह' नावाच्या इंग्रजी गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती आली. इंग्रजांची बाकीची लहान जहाजे अंतर राखून आहेत. नावेवर आरोळी उठते. वल्ह्यावरचे मात्र अजूनही तांडेलाकडेच बघताहेत, आणि तांडेलाच्या तोंडावर आनंद नाही. त्याच्या नजरेसमोर 'रिव्हेंज' आहे. हे फ्रिगेट एकटेच उभे ठाकले आहे. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि कीग्विन. त्याच्या बाजूच्या तोफा एका रांगेत पेटतात.

शेजारचे गलबत होते, आता नाही. पाण्यावर वल्ही तरंगताहेत आणि त्यांच्यामध्ये डोकी. तुमच्या नावेच्या कडेचा एक टवका उडतो. मधल्या फळीवरचा माणूस खांदा धरून खाली बसतो आणि त्याचे वल्हे मोकळे हेलकावू लागते. एक वल्हे मोकळे सुटले की शेजारच्या चारांची लय मोडते.

"बस!" तांडेल तुमच्याकडे बघून म्हणतो.

तुम्ही डोणे टाकता आणि बसता. पहिल्या ओढीला वल्हे पुढच्याच्या पाठीत लागते. दुसऱ्या ओढीला ते पाण्यात खोल रुतते. तिसऱ्या ओढीला तुम्ही स्वतःचा विचार सोडून समोरच्या पाठीकडे बघता. घामाने चकाकणारी काळी पाठ, उजव्या खांद्यावर जुना डाग. ती वाकली की वाकायचे, ती ताठ झाली की ओढायचे. मग जमते.

आरमार वळले आहे. पाच गलबते बुडाली. आता तुम्ही किनाऱ्याकडे पळताहात आणि मागून 'रिव्हेंज' येते आहे. वल्हवणाऱ्याच्या नशिबाची उलटापालट बघा: चाल करून जाताना त्याला शत्रू दिसत नाही, पळताना सगळा वेळ तोच दिसतो. तांडेलाच्या डोक्यामागे ती शिडे वाढत जातात. तो एकदाही मागे वळून बघत नाही. त्याला उथळ पाण्याचा रंग शोधायचा आहे. त्याच्या मागचे तुम्ही बघताहात, तुमच्या मागचे तो बघतो आहे. त्याने डोळे मिचकावले की तुम्ही समजता, खाडीचे तोंड आले.

बुडाला वाळू खरवडते. मोठे जहाज इथवर येऊ शकत नाही. शिडे लांबच थांबतात, घुटमळतात, फिरतात.

कुणीही वल्हे सोडत नाही. हातांच्या मुठी उघडायला वेळ लागतो. जखमी माणसाला कुणी पाणी पाजते आहे. पुढे काय होणार ते इथे एकट्या तुम्हाला माहीत आहे. खांदेरी पडणार नाही, रात्रीच्या नावा जातच राहतील, आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रज तह करून वेढ्यातून निघून जातील. पुढे २०२५ साली ज्या बारा किल्ल्यांना युनेस्को जागतिक वारसा म्हणेल त्यांत खांदेरी असेल. आणि ज्यांच्या हुकुमाने ही माणसे बाहेर पडली, ते महाराज सहा महिनेही राहणार नाहीत. ३ एप्रिल १६८०. तुमच्या ओठांवर येते. तुम्ही गिळता. कुणीच काही विचारलेले नाही.

तांडेल खाडीत शिरणाऱ्या नावा मोजतो आहे. तुम्हाला नावा दिसत नाहीत, त्याचे ओठ हलताना दिसतात. ओठ थांबतात. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.

दुसऱ्यांदा थांबल्यावर त्याची नजर तुमच्यावर येते.

"पानी काढ."

तुम्ही डोणे उचलता आणि ते पत्र्याचे असते. धुके, शेवाळाचा गोडा वास, कुठेतरी पाणकोंबडी. डोंगा तळ्याच्या मध्यावर आहे. बुडाशी एक थेंब पाणी नाही आणि तुमच्या दोन्ही तळव्यांची साले निघालेली आहेत. बसताना तुमचे तोंड सातबहिणीकडे होते. आता तुम्ही ढिवराकडे तोंड करून बसला आहात. तो बांबू रेटतो आणि तुमच्या डोक्यावरून पलीकडे काहीतरी बघत डोळे बारीक करतो.

तुम्ही वळून बघत नाही.