पाळ कोणी बांधली?

नवेगावबांधला हिवाळी पाखरं पाहायला येणारा पर्यटक समोरचं अफाट पाणी निसर्गाचंच समजतो. भोवती सात बहिणींचे डोंगर, लगत १९७५ साली जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान. माणसाचा हात आठवावा असं काही दिसतच नाही. पण हे पाणी अडवणारी पाळ आपोआप उभी राहिलेली नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी मातीने बुजवून हे पाणी अडवलं, अशी परंपरा आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता आणि ‘तलावांचा जिल्हा’ ही त्याची ओळख मुख्यतः तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कष्टाची आहे. इथे पाऊस भरपूर, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. ऐन निसव्यात त्याने ओढ दिली की धान गेलं, आणि उसाला तर पुढेही पाणी हवं. या गरजेतून गावोगावी तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, झाली.

कोणी म्हणेल, श्रेय गोंड राजांचं. तलाव बांधेल त्याला जमीन, हे चांद्याच्या राजांचं धोरण खरोखर दूरदृष्टीचं होतं. पण सनद मिळाली म्हणून पाणी अडत नाही; उतार ओळखणं, माती निवडणं, सलंग, म्हणजे जादा पाण्याची वाट, कुठे काढायचा हे ठरवणं, ही विद्या बांधणाऱ्यांचीच. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जंगल तर तलावांच्या आधीपासूनच होतं. होतं, हे मान्य. पण उथळ काठावरचं देवधान, कमळकंद, बदकांचे थवे हे साठलेल्या पाण्यामुळे आले, आणि सारस तर तलावांवर पिकणाऱ्या धानाच्या बांध्यांतही घरटं करतो. शेतीसाठी अडवलेल्या पाण्यानेच हे वैभव पोसलं आहे.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. तलाव मात्र सरकारकडे गेले आणि पाळीची डागडुजी, गाळ काढणं ही गावाची सवय सुटत गेली. आज अनेक मामा (माजी मालगुजारी) तलावांत गाळ साचला आहे आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली आहेत. त्याची झळ आधी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या जाळ्याला बसते, मग पाखरांना. २०१३ साली कोका अभयारण्य झालं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षी. तिथल्या फलकांवर पक्ष्यांच्या नावांबरोबर कोहळी आणि ढिवरांची नावंही लिहा, आणि अभयारण्यांइतकीच काळजी या जुन्या पाळींची घ्या.