भिंतीच्या कडेने रांगणारे प्राध्यापक

एखाद्या घरातल्या कर्त्या माणसाच्या अंगावरून वारे जाते. तोंड वाकडे होते, एक बाजू लुळी पडते, वाचा जाते. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि उंबरठा ओलांडता ओलांडता कुणीतरी हळूच म्हणतेच, "आता जेवढे आहे तेवढेच." तुम्हीही हे वाक्य ऐकले असेल. पण हे केवळ शेजारपाजाऱ्यांचे मत नव्हते बरे का! विसाव्या शतकाचा बराच काळ मोठमोठे वैद्यकशास्त्रीही असेच म्हणत. ते मत कसे डळमळले, याच्या इतिहासात एका घराची हकिगत येते. तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

हे मत आले कुठून, ते आधी पाहू. मेंदूची बारीक रचना उलगडून दाखवणारा स्पेनमधला शास्त्रज्ञ म्हणजे रामोन इ काहाल. १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९१३-१४च्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की, प्रौढ माणसाच्या मेंदूतल्या मज्जातंतूंच्या वाटा ठरून गेलेल्या असतात. तुटली ती पुन्हा होत नाही. त्याच ठिकाणी त्याने असेही म्हटले होते की, हा कठोर निकाल जमल्यास पुढच्या काळच्या शास्त्राने फिरवावा. पण मोठ्या माणसाचे अर्धे बोलणे पाठ करायचे आणि अर्धे सोडून द्यायचे, ही खोड सगळीकडचीच! १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रान्झ या दोघांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले की, लुळा पडलेला अवयव वापरायला भाग पाडले, तर तो पुष्कळ सुधारतो. त्या निबंधाकडेही फारसे कुणी पाहिले नाही.

आता १९५९ साल घ्या. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पेद्रो बाख-इ-रिता नावाचे प्राध्यापक होते. मूळचे स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातले, कवी आणि विद्वान. वय ६५, पत्नी निवर्तलेली. त्यांना मेंदूचा झटका आला. अर्धे अंग गेले, बोलणे गेले. बरे होण्याची आशा नाही, एखाद्या संस्थेत ठेवा, असे मुलाला सांगण्यात आले. जॉर्ज हा मुलगा तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याने वडिलांना आपल्याकडे नेले. तिथल्या रुग्णालयात चार आठवडे उपचार झाले. फरक काही नाही. मग घरी आणले. आंघोळीला आणि शौचालाही धरून न्यावे लागे. वडील अंगाने लहानखुरे होते म्हणून निभले. उचलायला माळी मदत करी.

जॉर्ज विद्यार्थीच होता. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते, आणि या बाबतीत ते अज्ञान उपयोगीच पडले असे मला वाटते. त्याने सरळ विचार केला : मूल आधी चालत नाही, आधी रांगते. तर मग बाबांनीही रांगावे. गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधल्या. लुळा खांदा आणि हात भिंतीला टेकवून, भिंतीच्या कडेकडेने प्राध्यापकमजकूर रांगू लागले. महिनोन् महिने. पुढे अंगणातही. शेजारी चिडले. एवढ्या विद्वान, वयोवृद्ध माणसाला जनावरासारखे रांगायला लावता, हे शोभते का? मुलाने ऐकून घेतले आणि काम चालू ठेवले. लोकलाज सांभाळायची की बापाला उभा करायचा, हा पेच आपल्याकडच्या कितीतरी घरांना ओळखीचा आहे.

खेळही लहान मुलांचेच. जमिनीवर गोट्या टाकायच्या आणि बापाने त्या लुळ्या हाताने पकडायच्या. नाणी टाकायची, ती उचलायची. मग घरकाम. चांगल्या हाताने पातेले धरायचे, दुसरा हात आतून गोल फिरवत ते घासायचे. पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट. हात झटके देई, पण पातेल्याची कड त्याला आवरून धरी. टाइपरायटरवर आधी बोट कळीवर नेमायचे आणि सबंध हातच खाली सोडायचा. ते साधल्यावर नुसते मनगट, आणि अखेरीस एकेक बोट. पहिलीच्या वर्गावर पाटी गिरवून घेणाऱ्या गुरुजींना यात नवे काही वाटणार नाही.

रांगण्यातून गुडघ्यांवर उभे राहणे आले, मग पायांवर, मग चालणे. वाचाही हळूहळू परतली. अडुसष्टाव्या वर्षी पेद्रो पुन्हा सिटी कॉलेजात पूर्णवेळ शिकवू लागले. पुढे त्यांनी पुन्हा लग्न केले, प्रवास केला. वयाच्या ७२व्या वर्षी कोलंबियात, बोगोटाजवळच्या डोंगरात नऊ हजार फुटांवर चढताना हृदयविकाराने त्यांना मृत्यू आला. अंथरुणावर नव्हे, डोंगरात!

दुसरा मुलगा पॉल डॉक्टर होता, सॅन फ्रॅन्सिस्कोत. शवचिकित्सा डॉ. मेरी जेन अग्युलार यांनी केली. मेंदूच्या पातळ कापांच्या काचा पाहून पॉल चकित झाला. मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे उतरणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ९७ टक्के नष्ट झालेले होते, आणि इतक्या वर्षांत ती जखम भरून आलीच नव्हती. म्हणजे पूल वाहून गेला होता तो गेलाच होता. माणसे उतारावरून पाण्यातून पलीकडे जात होती. १९६९ साली अग्युलार यांनी हे प्रसिद्ध केले.

एवढ्यावरून घाई मात्र करू नका. प्रत्येक रुग्ण असा उठत नाही. जखम कुठे आणि केवढी, यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय आज रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की मालीश करीत बसू नये. आधी रुग्णालय गाठावे. घरच्यांचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते लांबलचक असते.

पॉलने त्याच १९६९ साली एक खुर्ची तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कॅमेऱ्यातले चित्र पाठीवरच्या ४०० थरथरत्या टोकांनी आंधळ्या माणसाला जाणवून देणारी ती खुर्ची होती. आणि वयाच्या ४४व्या वर्षी, नाव मिळालेले असताना, तो पुन्हा शिकाऊ डॉक्टर म्हणून रुग्णालयात दाखल झाला, पुनर्वसनाचे वैद्यक शिकायला. झटका येऊन बरेच दिवस लोटले, आता उपयोग नाही, असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई, ते रुग्ण त्याला पाहायचे होते.