'सत्या' खरा वाटतो, पण पुरावा म्हणून किती चालतो?

राम गोपाल वर्मांचा 'सत्या' ३ जुलै १९९८ ला आला. मुंबईच्या टोळ्यांचं सगळ्यात खरं चित्रण म्हणून आजही त्याचं नाव निघतं. भिकू म्हात्रे साकारणाऱ्या मनोज बाजपेयींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच. पण संशोधनाच्या नजरेने पाहिलं तर हा चित्रपट मला अपुरा वाटतो. टोळी कशी चालते ते तो दाखवतो. ती का तयार झाली, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

पहिली अडचण नायकापासूनच. सत्या मुंबईत उतरतो, पण कुठून आला, कोणाच्या ओळखीने आला, काही कळत नाही. आमच्या तलवाड्याकडून (ता. गेवराई) असं कोणी जात नाही. ऊसतोडीला निघालेलं जोडपं, म्हणजे एक कोयता, आधी मुकादमाकडून उचल घेतं आणि मग गाव सोडतं. मुंबईच्या गिरण्यांतही वेगळं नव्हतं. कोकणातला, साताऱ्याकडचा माणूस गाववाल्याच्या ओळखीने कामाला लागायचा, गावकीच्या खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा. हे धागे कापून टाकले की माणूस टोळीत का गेला याचं उत्तर 'नशीब' एवढंच उरतं.

दुसरी अडचण काळाची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला, बांधायला वाट करून दिली. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा आणि १६ जानेवारी १९९७ ला खुद्द सामंतांचा गोळ्या घालून खून झाला. 'सत्या' त्यानंतर दीड वर्षाच्या आत आला. त्यात खंडणी आहे, गोळीबार आहे. संप आणि गिरण्यांची जमीन मात्र कथेत कारण म्हणून कुठेच येत नाही.

आता इथे घाई करू नका. 'संप फसला, पोरं बेकार झाली, टोळ्या जन्मल्या' हे उत्तर सोपं आहे, म्हणूनच तपासायला हवं. आधी तारखा बघा. मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला ११ जानेवारी १९८२ ला, संपाच्या आठवडाभर आधी. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन यांची नावं त्याहूनही जुनी. दारूबंदी आणि सोन्यावरचे निर्बंध यांतून हातभट्टी आणि तस्करीचा पैसा आधीच उभा होता. म्हणजे संप टोळ्यांचं जन्मकारण असू शकत नाही. त्याने भरती वाढवली का, हा प्रश्न मात्र उरतो.

जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक (त्यावरच २०१० चा 'लालबाग परळ' बेतला आहे) हाच प्रश्न नेमका करतं. गिरणी कामगाराचं एकच घर, संपाची झळ सगळ्यांना सारखी, पण टोळीच्या वाटेला जातो एकच मुलगा. मी विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून मला इथे लगेच 'कंट्रोल' दिसतो. बाकीचे का गेले नाहीत? जे गेले फक्त त्यांच्याच कथा गोळा केल्या तर कारण कधीच सापडणार नाही. नाटकही कल्पितच. त्यातून प्रश्न घ्यायचा, पुरावा नाही. पुराव्यासाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास आहे, त्या काळची वर्तमानपत्रं आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत.

मग 'सत्या' बाजूला ठेवायचा का? नाही. १९९८ च्या मुंबईला कशाची भीती वाटत होती, आणि त्या भीतीत कोणाची आठवण गळून गेली होती, याचा तो चांगला पुरावा आहे. तुमच्या संशोधन आराखड्यात एखादा चित्रपट साधन म्हणून येणार असेल तर एक ओळ स्पष्ट लिहा: हा चित्रपट कोणत्या वर्षाबद्दल बोलतो आणि कोणत्या वर्षातून बोलतो. मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत हेच विचारतात.