किसो खोऱ्याची प्रशासकीय जडणघडण : सीमा, अरण्य आणि ग्रामस्थांचा निर्णय

प्रस्तावना

मध्य जपानच्या उंच पर्वतरांगांमध्ये किसो नदीचे अरुंद खोरे आहे. येथील नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग अरण्याने व्यापलेला असून भातशेतीस योग्य जमीन अत्यल्प आहे. प्रशासकीय दृष्ट्या हा प्रदेश नागानो प्रीफेक्चरमधील ‘किसो गुन’ म्हणून ओळखला जातो. ‘गुन’ म्हणजे प्रांत आणि गाव यांच्या दरम्यानचा घटक; ढोबळमानाने तो आपल्याकडील तालुक्याशी जुळतो. या खोऱ्याचे प्रशासकीय स्थान वारंवार बदलले. हे बदल कोणाच्या गरजेतून झाले आणि त्यांत ग्रामस्थांच्या मताला कितपत स्थान होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन प्रांतांच्या सीमेवर

इ. स. ७१३ मध्ये किसोमार्ग खुला झाल्याची नोंद जपानच्या राजकीय इतिवृत्तात मिळते. मिनो आणि शिनानो या दोन प्रांतांना जोडणारा हा मार्ग ज्या खोऱ्यातून जात होता, ते नेमके कोणत्या प्रांताचे, याविषयी मात्र वाद होता. ८७९ मध्ये दरबाराच्या निर्णयाने किसो हा मिनो प्रांतातील एना गुनचा भाग ठरला. पुढे मध्ययुगात तो शिनानोचा भाग मानला जाऊ लागला. म्हणजेच आज स्वाभाविक वाटणारी ‘शिनानोचे किसो’ ही ओळख मुळात ऐतिहासिक घडामोडींतून निर्माण झालेली आहे.

ओवारीची सत्ता आणि अरण्य

१५९० मध्ये स्थानिक किसो घराणे येथून हलविण्यात आले. १६१५ मध्ये हे खोरे नागोया येथील ओवारी तोकुगावा घराण्याकडे आले. भौगोलिक दृष्ट्या शिनानोत असलेला प्रदेश अशा रीतीने दुसऱ्या प्रांतातील सत्ताधीशाच्या अमलाखाली गेला. यामागील प्रमुख कारण लाकूड हे होते. किल्ले, मंदिरे आणि शहरे यांच्या बांधकामासाठी किसोच्या हिनोकी वृक्षाला मोठी मागणी होती आणि तोडलेले ओंडके नदीच्या प्रवाहातून थेट ओवारीच्या मैदानात पोहोचत असत.

किसो-फुकुशिमा येथे यामामुरा घराणे कारभारी म्हणून काम पाहत असे. नाकासेन्दो या राजमार्गावरील तपासणी नाकाही त्यांच्याच ताब्यात होता. तथापि, वारेमाप तोडीमुळे अरण्य विरळ होऊ लागताच १६६५ च्या सुधारणांद्वारे ओवारीने अरण्याचा कारभार यामामुरांकडून काढून स्वतःकडे घेतला आणि राखीव वनांत ग्रामस्थांना प्रवेशबंदी केली. पुढे हिनोकीसह पाच जातींच्या वृक्षांच्या तोडीवर बंदी आली. ‘एका झाडास एक शीर’ ही त्या काळाविषयीची म्हण आजही सांगितली जाते. अशा प्रकारे माणसांचा कारभार एकाकडे आणि अरण्याचा दुसऱ्याकडे, अशी द्विस्तरीय व्यवस्था येथे रुजली.

मेइजी काळातील पुनर्रचना

१८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या रद्द होऊन प्रीफेक्चर निर्माण झाली, तेव्हा किसोचा समावेश चिकुमा प्रीफेक्चरमध्ये करण्यात आला. १८७६ मध्ये ते विसर्जित होऊन हा भाग नागानोत आला. १८७९ मध्ये चिकुमा गुनचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन किसो ‘निशिचिकुमा’, म्हणजे पश्चिम चिकुमा, या नावाने ओळखला जाऊ लागला. नव्या नकाशावर खोऱ्याचे स्वतःचे नावही उरले नाही.

ग्रामस्थांच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न अरण्याचा होता. जुनी बंधने सैल होतील या अपेक्षेने गावप्रमुखांनी शासनाकडे अर्ज केले. त्यांत मागोमे येथील शिमाझाकी मासाकी हे अग्रणी होते. १८७३ मध्ये त्यांना गावप्रमुखपद गमवावे लागले. त्यांचे पुत्र, कादंबरीकार शिमाझाकी तोसोन, यांनी ‘योआके माए’ या कादंबरीत हाच संघर्ष चित्रित केला. १८८९ मध्ये येथील सरकारी वने सम्राटाच्या खाजगी मालमत्तेत वर्ग झाली. १९४७ मध्ये ती राष्ट्रीय वनांत समाविष्ट झाली, पण गावांकडे परतली नाहीत.

नाव आणि सीमा

स्वायत्त संस्था म्हणून गुनचे अस्तित्व १९२३ मध्ये, तर गुन कार्यालये १९२६ मध्ये संपुष्टात आली. त्यानंतर गुन हे केवळ भौगोलिक नाव उरले. असे असूनही १९६८ मध्ये ‘निशिचिकुमा’ बदलून ‘किसो’ हे नाव स्वीकारण्यात आले. अधिकार नसलेल्या घटकाचेही नाव बदलावेसे वाटणे, ही बाब स्थानिक अस्मितेच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

सीमेचा जुना प्रश्नही विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. मिसाका गावाला शेजारच्या गिफू प्रीफेक्चरमधील नाकात्सुगावा शहरात विलीन व्हायचे होते. नागानोच्या विरोधामुळे १९५८ मध्ये गावाचेच विभाजन झाले. एक भाग गिफूत गेला, तर मागोमेसह उर्वरित भाग नागानोतील यामागुची गावात राहिला. पुढे यामागुचीनेच नाकात्सुगावात विलीन होण्याची मागणी केली. गावातील मतचाचणीत बहुमत विलीनीकरणाच्या बाजूने होते. परंतु गव्हर्नर तानाका यासुओ यांनी प्रस्ताव विधानसभेपुढे मांडण्यास नकार दिला. अखेर सदस्यांनीच डिसेंबर २००४ मध्ये तो मांडून संमत केला आणि १३ फेब्रुवारी २००५ रोजी विलीनीकरण झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तरेकडील नाराकावा गाव शिओजिरी शहरात समाविष्ट झाले. परिणामी किसोमार्गावरील अकरा ऐतिहासिक मुक्कामस्थळांपैकी दक्षिणेकडील मागोमे आणि उत्तरेकडील निएकावा व नाराई ही तीन स्थळे आज किसो गुनच्या बाहेर आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, किसोच्या सीमा दीर्घकाळ मार्ग आणि लाकूड यांच्या गरजेतून बाहेरील सत्तांनी आखल्या. १८७३ आणि १९५८ मध्ये स्थानिक मागणी मान्य झाली नाही किंवा अर्धवट मान्य झाली. २००५ मध्ये मात्र गावाच्या बहुमताला अनुसरून प्रीफेक्चरची सीमा बदलली. गव्हर्नरांची भूमिका नागानोच्या सांस्कृतिक एकात्मतेच्या दृष्टीने समजण्यासारखी असली, तरी ८७९ चा निर्णय लक्षात घेता ती एकात्मता अनादी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. अर्थात, या निर्णयाची किंमतही होती. आपले गाव कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ऐतिहासिक किसोचे प्रशासकीय एकसंधत्व मात्र भंगले. अरण्यावरील अधिकाराचा प्रश्न तर नकाशावरील कोणत्याही फेरबदलाने सुटलेला नाही. डोंगराळ प्रदेशांच्या प्रशासकीय इतिहासाचा अभ्यास करताना गावांच्या सीमांबरोबरच अरण्याच्या मालकीचाही मागोवा घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.